९८ टक्के, पण कशाचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. वॉर्डात तुम्ही हिमोग्लोबिन साडेसात, म्हणजे १०० मिली रक्तात साडेसात ग्रॅम, असलेला पेशंट पाहिलात. बोटाला लावलेलं पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवत होतं, छातीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही फुप्फुसं स्वच्छ. तरीही एक मजला चढून आल्यावर त्याला वाक्य पुरं करता येईना, इतकी धाप लागली. पुस्तक उघडलंत तर तिथे 'ॲनिमियात धमनीतला पीओटू नॉर्मल, सॅचुरेशन नॉर्मल' असं लिहिलेलं. मग कमी आहे तरी काय? आणि ऑक्सिजनचा मास्क लावूनही त्याला फारसा फरक का पडला नाही?

प्रश्न ॲनिमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असण्याचा, दिसतो, पण अडचण 'रक्तातला ऑक्सिजन' या दोन शब्दांत आहे. या दोन शब्दांखाली आपण तीन निरनिराळे आकडे कोंबतो: दाब (पीओटू), टक्केवारी (सॅचुरेशन) आणि साठा. तिन्ही एकमेकांशी बांधलेले आहेत, तरी एक ठीक असला म्हणून बाकीचे ठीक असतातच असं नाही. बावीस वर्षं मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आहे आणि तोंडी परीक्षेत चांगली तयारी केलेली मुलंही नेमकी इथे अडखळतात. दोष मुलांचा नाही. आम्ही रक्त एका महिन्यात शिकवतो, हृदय दुसऱ्या, फुप्फुस तिसऱ्या. ऑक्सिजनला मात्र तिन्हींतून मिनिटाभरात जायचं असतं.

दाबापासून सुरू करू. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिमी पारा. त्यात ऑक्सिजनचा वाटा सुमारे २१ टक्के, म्हणजे १६० मिमी. नाकातून आणि श्वासनलिकेतून जाताना हवा ओली होते. ३७ अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ४७ असतो, तो वजा केला की उरतात ७१३ आणि त्याचे २१ टक्के होतात १५०. पुढे फुप्फुसातल्या वायुकोशात, म्हणजे हवेच्या बारीक पिशवीत, कार्बन डायऑक्साइड येऊन बसलेला असतो आणि रक्त सतत ऑक्सिजन उचलत असतं, म्हणून तिथे आकडा १०० च्या आसपास स्थिरावतो. वायुकोशाला बिलगलेल्या केशवाहिनीत रक्त विश्रांतीच्या वेळी साधारण पाऊण सेकंद असतं आणि दाब जुळायला त्यातला पाव सेकंदही पुरतो. फुप्फुसात ऑक्सिजन न उचललेलं थोडं रक्त वाटेत येऊन मिळतं, त्यामुळे धमनीत मोजलेला पीओटू ९५ च्या घरात भरतो.

आता हा परिच्छेद पुन्हा वाचा आणि त्यात हिमोग्लोबिन कुठे आलं ते शोधा. कुठेच आलेलं नाही. धमनीतला पीओटू ठरतो तो हवेवर, श्वासावर आणि फुप्फुसाच्या पडद्यावर. तुमच्या पेशंटचं यातलं काहीच बिघडलेलं नव्हतं. पुस्तकातलं 'पीओटू नॉर्मल' हे वाक्य एवढंच सांगतं की फुप्फुसांनी आपलं काम चोख केलं.

वर्गात मी एक उपमा देते. एक रुंद टाकी आणि एक अरुंद पाइप शेजारी शेजारी उभे करा आणि दोन्हींत तीन फूट उंचीपर्यंत पाणी भरा. पातळी सारखी, तळाशी दाबही सारखा, पाणी मात्र सारखं नाही. पीओटू म्हणजे ही पातळी. हिमोग्लोबिन म्हणजे टाकीची रुंदी. उपमा तंतोतंत बसत नाही, कारण दाब वाढेल तसं हिमोग्लोबिन किती भरतं हे दाखवणारा वक्र सरळ रेषेत चढत नाही. पण तिचा खरा उपयोग पुढे होणार आहे, म्हणून लक्षात ठेवा. दोन्हींतून एक-एक बादली पाणी काढलं, तर कोणाची पातळी जास्त उतरेल?

टक्केवारीचं आता थोडक्यात. हिमोग्लोबिनच्या एका रेणूवर ऑक्सिजनच्या चार जागा. एक भरली की उरलेल्या जागा भरणं सोपं होतं, म्हणून वक्र इंग्रजी 'एस'सारखा वळतो. चार आकडे पाठच करा: पीओटू १०० ला सॅचुरेशन ९७-९८ टक्के, ६० ला ९०, ४० ला ७५ आणि २७ ला ५०. सॅचुरेशन म्हणजे असलेल्या जागांपैकी किती भरल्या. जागा मुळात किती आहेत, हे त्यात येतच नाही.

ऑक्सिमीटरलाही ते कळत नाही आणि यात यंत्राची चूक नाही. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास ज्या तत्त्वावर हे यंत्र उभं केलं, ते तत्त्वच गुणोत्तराचं आहे. बोटातून दोन प्रकाश जातात, एक तांबडा सुमारे ६६० नॅनोमीटरचा आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा सुमारे ९४० चा. प्रत्येक ठोक्यासरशी बोटात धमनीचं रक्त भरतं, तेवढ्यापुरता हा प्रकाश कमी-जास्त शोषला जातो आणि या दोन बदलांच्या भागाकारावरून टक्केवारी निघते. भागाकारात हिमोग्लोबिनचं एकूण प्रमाण वर-खाली दोन्हीकडे असतं, ते कटून जातं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. शिकाऊ डॉक्टर असताना रात्रपाळीला एक बाई दाखल झाल्या, हिमोग्लोबिन ४.२. ओठ, जिभेची कड, पापणीची आतली बाजू, सगळं कागदासारखं पांढरं. पलंगावर शांत बसून होत्या. मी ऑक्सिमीटर लावलं, ९९ आलं. वर मास्कही लावला आणि कागदावर '९९ टक्के, स्थिर' असं लिहून पुढच्या पलंगाकडे वळले. थोड्या वेळाने त्या उठून स्वच्छतागृहात गेल्या आणि परत येताना पलंगाची दांडी धरून उभ्याच राहिल्या. पाय उचलेना, नाडी १४०. वरिष्ठ आल्या, त्यांनी माझा कागद वाचला आणि एवढंच विचारलं, "९९ टक्के, पण कशाचे?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून टक्केवारी दिसली की मी आधी शेजारी हिमोग्लोबिन लिहिते.

तर आता साठा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं की १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. काही पुस्तकांत १.३९ दिसेल, त्यावरून भांडू नका. हिमोग्लोबिन १५ असलेल्या माणसाच्या १०० मिली रक्तात १५ गुणिले १.३४ म्हणजे २०.१ मिलीची जागा. ती ९८ टक्के भरली की १९.७. शिवाय रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन, दर मिमी दाबाला ०.००३ मिली, म्हणजे १०० ला फक्त ०.३. एकूण २० मिली. तुमच्या पेशंटचं हिमोग्लोबिन साडेसात, म्हणून त्याच ९८ टक्क्यांत त्याच्याकडे १० मिली. कमी आहे ते हे. दाब तोच, टक्के तेच, साठा निम्मा.

विरघळलेला भाग क्षुल्लक म्हणून मुलं सोडून देतात. सोडू नका, कारण पीओटू हा त्या विरघळलेल्या भागाचाच दाब असतो. हिमोग्लोबिनला चिकटलेला ऑक्सिजन दाब दाखवत नाही, तो मागे उभा राहून विरघळलेला भाग संपू देत नाही. हिमोग्लोबिन नसतंच तर काय झालं असतं, याचं गणित करून पाहा. दर लिटर रक्तात ३ मिली ऑक्सिजन आणि विश्रांतीत शरीराची गरज मिनिटाला २५० मिली. तो सगळाच्या सगळा काढून घेतला तरी हृदयाला मिनिटाला ८३ लिटर रक्त ढकलावं लागलं असतं. प्रत्यक्षात ते ढकलतं पाच.

ते पाच कुठून आले? ठोक्याला साधारण ७० मिली, मिनिटाला ७२ ठोके. साठ्याला या पाच लिटरने गुणलं की चौथा आकडा मिळतो आणि पेशींच्या दृष्टीने तोच खरा: दर मिनिटाला किती ऑक्सिजन पोचला. निरोगी माणसात लिटरला २०० मिली गुणिले ५, म्हणजे १००० मिली. त्यातले २५० वापरले जातात, ७५० परत येतात. म्हणून परतीच्या रक्ताचं सॅचुरेशन ७५ आणि पीओटू ४०. हेच गणित उलटं फिरवून हृदय किती रक्त ढकलतं ते मोजता येतं, ही आडोल्फ फिक यांची १८७० ची युक्ती. २५० ला धमनी आणि परतीचं रक्त यांतल्या फरकाने, म्हणजे लिटरमागे ५० ने भागा, उत्तर ५. मला हे समीकरण शरीरक्रियाशास्त्रातलं सगळ्यांत देखणं वाटतं: भागायचा आकडा फुप्फुसाचा, ज्याने भागायचं तो रक्ताचा, उत्तर हृदयाचं.

तुमच्या पेशंटला हे लावा. हृदयाने काहीच केलं नाही असं क्षणभर धरू. पोचतो ५०० मिली, गरज तीच २५०. परत येतो अर्धा, सॅचुरेशन ५० टक्के, पीओटू २७. टाकी आणि पाइपची उपमा इथे कामाला येते. दोन्हींतून सारखीच बादली काढली, पाइपची पातळी जास्त उतरली. केशवाहिनीतून पेशीत ऑक्सिजन जातो तो दाबाच्या उतारावरून. तो उतार धमनीच्या टोकाला नॉर्मल होता, नीलेकडच्या, म्हणजे परतीच्या रक्ताच्या, टोकाला मोडला. केशवाहिनीपासून सर्वांत लांब असलेल्या पेशीला या दुसऱ्या टोकाचा दाब मोलाचा असतो. परीक्षेत 'ॲनिमियात पीओटू नॉर्मल' एवढंच लिहिणाऱ्याला मी अर्धे गुण देते. उरलेले अर्धे 'नीलेतला पीओटू कमी' लिहिल्यावर.

शरीर अर्थातच गप्प बसत नाही. पहिला उपाय रक्तातच होतो. तांबड्या पेशींमध्ये टू-थ्री डीपीजी नावाचा पदार्थ वाढतो, काही तासांपासून काही दिवसांत, आणि तो हिमोग्लोबिनची पकड सैल करतो. ५० टक्क्यांचा बिंदू २७ वरून ३० च्या आसपास सरकतो. म्हणजे तेवढाच ऑक्सिजन सोडताना दाब थोडा वर राहतो. फुप्फुसात याने फारसं नुकसान होत नाही, कारण तिथे वक्र सपाट आहे. काम करणाऱ्या स्नायूजवळचा कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता हीच गोष्ट तिथल्या तिथे करतात. हा बोर परिणाम, १९०४ चा. हे क्रिस्टियान बोर म्हणजे अणूवाल्या नील्स बोर यांचे वडील.

दुसरा उपाय रक्त पातळ झाल्याने आपसूक होतो. नॉर्मल रक्ताचा चिकटपणा पाण्याच्या तिप्पट धरतात, तीव्र ॲनिमियात तो दीडपटीपर्यंत उतरतो. शिवाय पेशींना ऑक्सिजन कमी पडला की तिथल्या लहान धमन्या सैलावतात. विरोध कमी झाला, परतीचं रक्त वाढलं, की हृदय जास्त ढकलतं. समजा पाचाचे सात लिटर झाले. आता पोचतात ७००, वापर २५०, परतीचं सॅचुरेशन ६४ टक्के, पीओटू ३३ च्या आसपास. २७ वरून ३३, म्हणजे हृदयाने पातळी बरीच सावरली. हात गरम, नाडी उसळती, झडपा निर्दोष असूनही स्टेथोस्कोपमध्ये मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज), हे सगळं याच वाढीव प्रवाहाचं. मात्र विश्रांतीतही हृदयाचं काम ठळकपणे वाढलेलं दिसतं ते साधारण हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावर. साडेसातवाल्या तुमच्या पेशंटमध्ये बसल्या जागी फारसं काही न दिसणंही शक्य आहे.

या सगळ्यात हृदयाची स्वतःची अवस्था बिकट असते. बाकीचं शरीर पोचलेल्या ऑक्सिजनपैकी पाव भाग घेतं, तिथे हृदयाचा स्नायू विश्रांतीतही सत्तर टक्के उपसतो. त्याच्या नीलेतल्या रक्ताचं सॅचुरेशन ३० च्या घरात असतं, म्हणजे उपसायला फारसं उरलेलंच नाही. जास्त ऑक्सिजन हवा तर जास्त रक्तच हवं. आणि डाव्या जवनिकेला, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याला, रक्त मिळतं ते मुख्यतः ती सैल पडते तेव्हा. ७२ ठोक्यांना एक चक्र ०.८ सेकंदाचं, त्यात सैल पडण्याची वेळ ०.५. ठोके १२० झाले की अख्खं चक्रच अर्ध्या सेकंदात आटोपतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या मोकळ्या असतील तर त्या रुंदावून भागवतात. त्यात आधीच अडथळा असेल, तर तरुण माणूस ज्या हिमोग्लोबिनवर हिंडतो त्याच हिमोग्लोबिनवर वयस्कर माणसाच्या छातीत दुखू लागतं.

आता जिना. सावकाश जिना चढायला शरीराला मिनिटाला साधारण एक लिटर ऑक्सिजन लागतो असं धरा. निरोगी माणूस हृदयाचा प्रवाह १० लिटरवर नेतो, २००० मिली पोचवतो, निम्मा वापरतो. तुमच्या पेशंटने १० लिटर ढकलले तर पोचणार १००० मिली, म्हणजे थेंबही परत न आणता सगळा वापरावा लागेल. हे अशक्य आहे. त्याला १४ लिटरपर्यंत जाऊन सत्तर टक्क्यांहून अधिक उपसावा लागेल, म्हणजे निरोगी माणूस जोरात धावताना जी राखीव ताकद वापरतो ती याची पहिल्या मजल्यावरच संपते. बसल्या जागी तो ठीक का दिसतो आणि जिन्यात का कोसळतो, याचं उत्तर हे. विश्रांतीत पुरेसं उरतं, लपून राहतं. अशा पेशंटला दाखल करताना मी म्हणूनच बसल्या जागचे आकडे फार मनावर घेत नाही, वॉर्डात वीस पावलं चालवून पाहते.

'पण धापच का?' हा तुमच्या प्रश्नातला खरा चिवट भाग आहे आणि इथेच चुकीचं उत्तर सर्रास दिलं जातं. 'ऑक्सिजन कमी, म्हणून मेंदू श्वास वाढवतो' असं नाही. ऑक्सिजनची टंचाई ओळखणारे मुख्य पहारेकरी म्हणजे मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या दुफाट्यावर बसलेले तांदळाच्या दाण्याएवढे दोन गोळे, कॅरोटिड बॉडी. कॉर्नेल हेमान्स यांना १९३८ चं नोबेल मिळालं ते यांच्याच कामासाठी. यांचा रक्तपुरवठा अफाट असतो: १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे २००० मिली, मेंदूला जेमतेम ५५. इतक्या पुरात उभं राहिल्यावर त्यांची गरज विरघळलेल्या ऑक्सिजनवरच भागते, हिमोग्लोबिनचा साठा उघडायची वेळ येत नाही. म्हणून ते ओळखतात दाब, साठा नव्हे. ॲनिमियात दाब नॉर्मल, म्हणजे पहारेकऱ्यांच्या लेखी सगळं आलबेल. ४.२ वाल्या त्या बाई पलंगावर शांत श्वास घेत बसल्या होत्या त्या यामुळे.

धाप येते ती हालचाल सुरू झाल्यावर, आडवाटेने. स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडतो, लॅक्टिक आम्ल लवकर तयार होतं, रक्ताची आम्लता वाढते आणि आम्लता मात्र कॅरोटिड बॉडीला झोंबते. दमलेल्या स्नायूंतून मज्जातंतूंमार्फत थेट संदेशही जातात. श्वासाचे स्नायू हेही स्नायूच, तेही उपाशी. आणि हृदय आधीच थकलेलं असेल तर त्याच्या मागे फुप्फुसात रक्त तुंबतं, मग धाप आडवं पडल्यावरही लागते. यातला कोणता भाग किती, हे पेशंटगणिक बदलतं. काही जण 'धाप लागते' असं म्हणतच नाहीत. 'पाय गळून जातात' म्हणतात.

साठा आणि दाब यांतला फरक पक्का करायला मी दोन काल्पनिक माणसं शेजारी बसवते. एकाचं हिमोग्लोबिन साडेसात, फुप्फुस उत्तम. दुसऱ्याचं हिमोग्लोबिन १५, पण फुप्फुस इतकं खराब की धमनीतला पीओटू २७ आणि सॅचुरेशन ५०. दोघांच्या १०० मिली रक्तात ऑक्सिजन सारखाच, १० मिली. पण दुसऱ्याचे पहारेकरी आरडाओरडा करताहेत, तो तडफडून श्वास घेतोय. तो निळाही आहे, कारण निळेपणा दिसायला केशवाहिन्यांतल्या १०० मिली रक्तात सुमारे ५ ग्रॅम ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिन लागतं आणि याच्या धमनीतच साडेसात ग्रॅम आहे. पहिला फिकट आहे, निळा नाही; एकूण हिमोग्लोबिन चारच असलेला माणूस निळा पडणं तर गणितातच बसत नाही. आणि मुख्य म्हणजे दोघांनी ५-५ मिली वापरल्यावर पहिल्याच्या नीलेत पातळी २७ उरते, दुसऱ्याच्या १६-१७. साठा सारखा असूनही दुसरा कितीतरी जास्त संकटात. अचानक असं झालं तर तो शुद्धीवरही राहणार नाही.

तिसरा माणूसही आणा, कारण तो सर्वांत फसवा. याचं हिमोग्लोबिन १५, फुप्फुस उत्तम, पण बंद खोलीतल्या धुरातून आलेल्या कार्बन मोनॉक्साइडने निम्म्या जागा अडवल्या आहेत. या वायूची हिमोग्लोबिनवरची पकड ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त. साठा पुन्हा १० मिली. पहिला माणूस वॉर्डात हिंडतोय, हा मात्र बेशुद्ध. का? कारण एका जागेवर मोनॉक्साइड बसला की त्याच रेणूवरच्या उरलेल्या जागा ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतात. ॲनिमियात पकड सैल झाली होती, इथे ती आवळली. पीओटू नॉर्मल, म्हणून पहारेकरी गप्प. आणि दोन प्रकाशांचं साधं ऑक्सिमीटर या अडवलेल्या जागांनाही भरलेल्या समजून ९७-९८ दाखवतं.

आतापर्यंतचं एका दमात: फुप्फुस दाब ठरवतं, दाब आणि वक्र मिळून टक्के ठरवतात, टक्के आणि हिमोग्लोबिन मिळून साठा, साठा आणि हृदय मिळून पोच. ऑक्सिमीटर यांतला फक्त टक्क्यांचा आकडा पाहतं.

मास्कचं उत्तर यातच आहे. तुमच्या पेशंटच्या जागा ९८ टक्के भरलेल्याच होत्या, मास्क आणखी किती भरणार? वाढतो तो फक्त विरघळलेला भाग. साध्या मास्कने पीओटू २५० वर गेला असं धरलं, तर तो पाऊण मिली. घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन देऊन ६५० वर नेला तर जवळजवळ दोन मिली. दहात पाऊण मिली जिन्यात जाणवत नाही. म्हणून 'काहीच उपयोग नाही' असंही म्हणू नका. हिमोग्लोबिन तीन-चारवर आलेलं असतं तेव्हा एकूण साठा चार-सहा मिलीच असतो, तिथे रक्त येईपर्यंत हे दोन मिली मोठा आधार होतात. मोनॉक्साइडच्या पेशंटला तर शुद्ध ऑक्सिजन हाच उपचार, कारण त्याने तो वायू निम्मा व्हायचा वेळ चार-पाच तासांवरून दीड तासाच्या आसपास येतो.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा, नाहीतर मी वर शिकवलेलंच तुम्हाला फसवेल. मी हिमोग्लोबिनचा आकडा पाहा म्हणते, पण तोही एक प्रमाणच आहे, १०० मिलीमागचं. अपघातात दीड लिटर रक्त गेलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन पहिल्या तासात जवळजवळ नॉर्मल येऊ शकतं, कारण पेशी आणि रक्तद्रव एकाच प्रमाणात गेलेले असतात. उरलेलं रक्त दाटच आहे, फक्त कमी आहे. आकडा उतरतो तो ऊतींतलं पाणी रक्तात ओढलं गेल्यावर किंवा आपण सलाईन चढवल्यावर. त्याच्यात साठा ठीक, हृदयाकडे परत येणारं रक्तच अपुरं, म्हणून पोच खलास. इथे नाडी, रक्तदाब, थंड पडलेले हात आणि लघवीचं प्रमाण पाहायचं.

आणि सावकाश झालेल्या ॲनिमियात घाई उलटी अंगाशी येते. त्या बाईंचा ॲनिमिया कित्येक महिने मुरलेला होता. त्यांचं रक्ताचं एकूण आकारमान कमी नव्हतं, फक्त पातळ होतं, आणि हृदय आधीच जास्तीचा प्रवाह वाहत होतं. तिथे भराभर पिशव्या लावल्या असत्या तर फुप्फुसात पाणी साचलं असतं. वरिष्ठांनी तांबड्या पेशींची एक पिशवी लघवी वाढवणाऱ्या औषधाबरोबर अगदी हळू लावली, दुसरी दुसऱ्या दिवशी. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम वाढतं. ४.२ चं ६.२ झालं, म्हणजे १०० मिलीमागे ऑक्सिजन ५.९ वरून साडेआठवर. तिसऱ्या दिवशी त्या स्वच्छतागृहापर्यंत जाऊन दांडी न धरता परत आल्या. मी ऑक्सिमीटर लावून पाहिलं. ९९.